वाटोबाची खोळ

दुसरबीड, १२ नोव्हेंबर १९६७

सर,

नमस्कार पोचावा. उत्तर आलं नाही तरी चालेल, पण हे पत्र शेवटपर्यंत वाचावं एवढी विनंती.

मी इथल्या हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवतो आहे. नोकरी हंगामी आहे. 'तो दगड पूर्ण वाचल्याशिवाय प्रबंधावर माझी सही होणार नाही' असं तुम्ही म्हणालात, म्हणून दगडाजवळ राहायला आलो. चिखलीच्या नव्या कॉलेजात प्राचार्यांनी माझ्यासाठी जूनपर्यंत जागा धरून ठेवली आहे, पण डॉक्टरेट हातात असेल तरच. आणि तुम्ही मार्चअखेर निवृत्त होता. नवीन मार्गदर्शक म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. एवढं लिहिलं तरी पुरे.

दगड दुसरबीडपासून पायी तासाभरावर, जुन्या गाडीवाटेला उभा आहे. माणसाएवढा उंच. लोक त्याला वाटोबा म्हणतात. पिढ्यान् पिढ्या शेंदूर आणि तेल चढून अंगावर जाड थर बसला आहे, त्याला इथे खोळ म्हणतात. लेख सगळा त्या खोळीखाली. फक्त डावीकडे खालच्या कोपऱ्यात शेंदूर पोचलेला नाही, तिथे तीन शब्द उघडे आहेत. शेत, मठासि, दिधले. हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे आगाऊपणाच. याच तीन शब्दांवरून तीस वर्षांपूर्वी तुम्ही सिद्ध केलंत की यादवांच्या काळात या वाटेनं मठ पसरले आणि गावांनी आपण होऊन त्यांना जमिनी दिल्या. आपला अख्खा विभाग त्या लेखावर उभा आहे. माझं चौथं प्रकरणसुद्धा.

सरपंच उकंडराव खोळ काढू देत नाहीत. ठसा कसा घेतात ते मी पंचायतीत समजावून सांगितलं. ओला कागद दगडावर बसवायचा, ब्रशनं ठोकायचा, वरून शाई फिरवायची, दगडाला काही होत नाही.

"दगडाले होत नसंल, मास्तर," उकंडराव म्हणाले. "देवाले?"

त्यांचं म्हणणं असं की देव आपण होऊन खोळ टाकतो, तेव्हा काय वाचायचं ते वाचा. मागची कधी टाकली होती? कोणी प्लेगच्या साली म्हणतं, कोणी त्याच्याही आधी.

म्हणून विचारतो. लेखाचा बाकी भाग अवाचित आहे अशी टीप देऊन चौथं प्रकरण आहे तसं घेता येईल का? गुरुवारच्या बैठकीत विषय काढावा. मी नसल्यामुळे चहाची गैरसोय होत असेल. माझ्यानंतर विभागात नवीन कोणी आलं नाही, म्हणून सात वर्षं सगळ्यांत धाकटा मीच राहिलो आणि किटली माझ्याकडेच राहिली. साखरेचा डबा खिडकीत, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे आहे.

आपला विद्यार्थी,
कारभारी

दुसरबीड, ३ जानेवारी १९६८

सर,

माझं पत्र मले परत मिळालं. तुम्ही ते लाल शाईनं तपासून पाठवलं. 'आगाऊपणाच' खाली रेघ, 'गैरसोय' खाली रेघ. विचारलेल्याचं उत्तर कुठंच नाही. शेवटी समासात तुमचं अक्षर: 'वाक्यरचना शिथिल. शिळा पूर्ण वाचावी.'

आता मी बोलतो तसंच लिहितो, सर. विभागात सात वर्षं तोंड सांभाळून बोललो. 'मले' म्हटलं की भगवानराव खुर्चीत हसायचे अन् तुम्ही चष्मा काढून पुसायचे. दमलो मी त्या चष्म्याले. ह्याच्यावरही रेघा मारा, शाई तुमची आहे.

इथलं सांगतो. शाळा सुटली की मी वाटोबाकडं जातो. रोज. पोरं म्हणतात मास्तरले देव लागला. वाटोबाची दिवाबत्ती गीताबाईंकडं आहे. नवरा होता तोवर तो करायचा, आता त्या करतात. मी जाऊन बसलो की त्या वातीचा कापूस माझ्या हातात देतात, रिकामा बसू नको म्हणून. वाती वळत त्यांनी परवा विचारलं, "तुमचे सर म्हंजे ते छत्रीवाले का हो?"

मी म्हटलं, तुम्ही पाहिलं सरांना?

"पाहिलं म्हंजे! मी नवी नवरी होती तव्हा. बैलाच्या दमनीत बसून आलते. खालीच नाही उतरले, बाप्पा. वर छत्री धरून बसले अन् संगतच्या माणसाले खाली धाडलं. त्यानं कोपऱ्यातलं लिहून नेलं. पानी दिलं तं म्हने नको."

"खोळ काढू द्या म्हणाले असतील."

"कोन? काईच नाही इचारलं. माह्या सासऱ्यानंच म्हटलं त्यायले, साहेब, तुमाले वाचता येत असंल तं खोळ काढून देतो, आमालेबी कळन देव काय म्हनते ते. तं म्हने, गरज नाही, समजलं."

मी विचारलं, मग आता काऊन नाही काढू देत?

"सासऱ्याची गोष्ट येगळी होती. मधी एक साहेब आलता, तो नं इचारता खिळ्यानं खरवडून गेला. त्या साली गावातली ढोरं मेली. मंग कोन हात लावू देते?" नवा कापूस हातात घेऊन म्हणाल्या, "तुमी इचारता तरी. पन उशीर झाला तुमाले यायले."

तीस वर्षांची गोष्ट. बाई तेव्हा कवळ्या वयाच्या असतील. आठवणीत काहीबाही मिसळतं, आपण वर्गात शिकवतोच ते. तसंच झालं असेल. मी विषय बदलला अन् वाती वळत राह्यलो.

एक गोष्ट गावात कोणाले सांगितली नाही, तुम्हाले सांगतो. खोळीवर बोटानं वाजवून पाहिलं. उजव्या खांद्याकडं आवाज पोकळ येतो. म्हणजे तिथं दगडापासून ती सुटली आहे. मी हात मागं घेतला. रोज त्याच जागी नजर जाते अन् रोज हात मागं घेतो.

प्रबंधाचं काय ते कळवा.

कारभारी

दुसरबीड, २० फेब्रुवारी १९६८

सर,

तुमचा निवृत्तीचा सत्कार छान झाला. तुम्ही बोलावलं नव्हतं, भगवानरावांनी तार केली म्हणून आलो. खुर्च्या लावायले माणूस कमी होता. मंचावरच्या खुर्च्या मीच मांडल्या, तुमची मधात. भगवानराव तुमच्या मागं विभागप्रमुख होणार हे त्यांच्या कोटावरूनच समजत होतं. भाषणही जोरदार केलं. "सरांनी तीन शब्दांतून एक युग उभं केलं" म्हटल्यावर किती टाळ्या पडल्या! मी तेव्हा मागं कपबश्यांचा ट्रे धरून होतो, त्यामुळं मले वाजवता आल्या नाहीत. गैरसमज नसावा. तुम्ही मले एकच वाक्य बोलले. "साखर कमी."

दुसऱ्या दिवशी देऊळगाव राजावरून यष्टीनं उतरलो तं स्टँडवर उकंडराव उभे. मले पाहून त्यांनी धोतराचा सोगा झटकला.

"मास्तर, तुमी कुठी मेले होते?"

"का हो?"

"का हो म्हनते! देवानं खोळ टाकली काल. भर दुपारी. असा आवाज झाला का वावरातली मानसं पळत आली. गाव गोळा झालं, नारळं फोडली. शाळंत मानूस पाठोला, तं हेडमास्तर म्हने कारभारी सत्काराले गेले. कोनाच्या सत्काराले गेलते बे?"

मी सांगितलं, माझ्या गुरूच्या.

"मंग घ्या," म्हणाले. "आमी दिवस मावळेपर्यंत थांबलो. तिकडून येनारी एकएक यष्टी पाहिली. देव उघडा ठेवता येत नाही रातभर. मावळतीले नवा शेंदूर चढोला."

म्हणजे कालच्या दुपारी लेख उन्हात उघडा होता, सर. पूर्ण. सगळं गाव भोवती अन् वाचणारा एकही नाही. वाचणारा तुमच्या चहात साखर घालत होता.

मी तिथंच स्टँडवर, पानाच्या ठेल्याच्या फळीवर बसलो. रडू आलं नाही. राग आला नाही. पहाटेपासून यष्टीत उभा होतो, पाय दुखत होते, एवढंच समजत होतं. उकंडरावांनी ठेलेवाल्याकडून चहा सांगितला अन् बाजूले बसले.

सांजच्याले गीताबाईंकडं गेलो, म्हटलं निदान कसं झालं ते ऐकावं. त्या मले गोठ्यात घेऊन गेल्या. कडब्याच्या आडोशाले जुन्या लुगड्याखाली खोळ ठेवलेली. दोन मोठे तुकडे, बाकी चुरा. पाडव्याआधीच्या अवसेले ती वाजतगाजत खडकपूर्णा नदीत सोडतात, तोवर गुरवाच्या घरी राहते.

"पाहा," म्हणाल्या. "हात लावला तरी चालते आता. हे देवाचं उतरलेलं हाये."

मी मोठा तुकडा उताणा केला. सर, आपण कागद ठोकून ठोकून जो ठसा घेतो, तो देवानं पिढ्यान् पिढ्या घेऊन ठेवला होता. पहिल्या थराचा शेंदूर अक्षरांच्या खाचेत बसून तसाच घट्ट झालेला. आतल्या बाजूनं सगळी अक्षरं वर आलेली, उलटी. ओळीमागं ओळ.

बाई म्हणाल्या, "काऊन बसले हो खाली? चक्कर आली का?"

कारभारी

दुसरबीड, २६ फेब्रुवारी १९६८

सर,

वाचलं.

दाढीचा आरसा समोर धरला अन् त्यात पाहून वाचलं. दुसऱ्या तुकड्याची एक कड झडली आहे, तिथली काही अक्षरं गेली. पण अर्थाले बाधा येत नाही. पेन्सिलीनं ओळीवार आरेखन केलं ते सोबत आहे. एकच प्रत आहे, जपून ठेवावी.

लेख असा. गावानं मिळून हे शेत मठाले दिलं होतं, ह्या वाटेनं येणाऱ्याजाणाऱ्याले अन्नपाणी मिळावं म्हणून. मठवाल्यांनी शेताचं खाल्लं अन् वाटसरूंले हाकलून लावलं. म्हणून गावानं पुन्हा मिळून शेत काढून घेतलं. आता मठाले जो कोणी ते परत देईल त्याले शिवी. शिवी नेहमीचीच, दानाच्या शिलालेखांखाली असते ती गाढवाची.

तुमचे तीन शब्द खोळीबाहेरचे, ते दगडावरून घेऊन ओळीले जोडले. जागच्या जागी आहेत. शेत, मठाले, दिलं. फक्त तीच ओळ पुढं काढून घेतल्यापर्यंत जाते, अन् ते शेंदराखाली होतं.

चौथं प्रकरण पाडून नव्यानं लिहावं लागेल. तुमच्या लेखाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी त्यात 'सरांनी उपलब्ध भागाचं वाचन अचूक केलं होतं' असं वाक्य घालायले तयार आहे. ते खरंच आहे.

गावाले सांगणं भाग होतं. पारावर सगळे जमले. गुरुवारच्या बैठकीत मी सात वर्षांत दोनदा निबंध वाचला. दोन्ही वेळेस तुम्ही तिसऱ्या पानावर घड्याळ पाहिलं होतं. इथं कोणी हाललं नाही. पोरांले गप्प करायले बायाच पुढं. वाचून झालं अन् पहिल्यांदा उकंडराव हसले. पोट धरून हसले.

"म्हंजे हा देव नाही, ठराव हाये! आमच्या ग्रामपंचायतीचा ठराव! अन् आमी त्याले नारळ फोडून राह्यलो!" मग डोळे पुसत म्हणाले, "आमचे ठराव तं उंदरं खातात. त्यायले कोनी शेंदूर नाही लावत."

मागून कोणीतरी ओरडलं, "तुमचे ठराव शिवी घालून लिहत जा, मंग टिकतीन!"

मग प्रश्न आले. मठवाल्यांनी शेत गुमान सोडलं का? मी म्हटलं, ते लिहिलं नाही. मग ते शेत नेमकं कोणतं, आज ते कोणाच्या नावावर? मी म्हटलं, सीमा झडलेल्या कडेत गेल्या. "म्हंजे नेमकं भांडनाचं तेवढंच गेलं," एक म्हातारा म्हणाला, अन् पुन्हा हशा. वाटसरू म्हणजे त्या काळी कोण असायचे, हे गीताबाईंनी विचारलं. मी येत होतं तेवढं सांगितलं. व्यापारी, बैरागी, दुष्काळात निघालेली माणसं. त्यांनी मान हलवली.

मी भीतभीत विचारलं, आता पूजेचं काय?

"काय म्हंजे?" बाई म्हणाल्या. "मानसाले जेवू घाला म्हनते न तो? मंग दिवा लावाले काय झालं?"

सर, निवृत्तीले महिना उरला. लवकर कळवा.

कारभारी

दुसरबीड, २९ मार्च १९६८

सर,

माझं मागचं पत्र लाल होऊन आलं. समासात लिहिलं होतं, 'खोळीवरील वाचन ग्राह्य नाही. मूळ शिळा वाचावी.' म्हणजे पुढची खोळ पडेपर्यंत थांबावं. तोवर मी नसेन, हे तुम्हाले समजत असेलच. आरेखन परत आलं नाही. पाकीट दोनदा झटकून पाहिलं, मग समजलं की ते तुम्ही ठेवून घेतलं. ते चूक वाटलं असतं तं त्याच्यावरही रेघा मारून पाठवलं असतं तुम्ही. तेव्हा मले कळलं की तुम्ही वाचलं. अन् पटलं.

मंगळवारी भगवानराव आले. विद्यापीठाची जीप शाळेपुढं उभी राहिली तं पोरं वर्ग सोडून पाहायले गेली. माझ्या खोलीत खाटेवर बसले अन् बॅगेतून टाइप केलेलं पान काढलं. लेखाचा उरलेला भाग आता वाचण्याजोगा नाही, उपलब्ध शब्दांवरून डॉ. महादेवराव टेंभेकर यांचंच, म्हणजे तुमचंच, प्रतिपादन कायम होतं, असं चौथ्या प्रकरणाच्या शेवटी जोडायचं. खाली माझी सही. ती झाली की तुमची सही त्याच दिवशी. सगळं तुमच्या कानावर घालूनच आलो म्हणाले.

"कारभारी, लेका," म्हणाले, "सही कर अन् मोकळा हो. आठशे वर्षांपूर्वी कोणी कोणाचं शेत घेतलं, तुले काय करायचं आहे? जूनमध्ये चिखलीले जा, लग्न कर, मग लिही काय लिहायचं ते."

"मग लिहिता येतं?" मी विचारलं. "तुम्ही लिहिलं?"

ते खिडकीतून जीपकडं पाहत राह्यले. मग म्हणाले, "वेळ कुठं मिळते?" बरेच थकलेले दिसले, सर. आपण त्यांना तरुण समजतो. पाणी प्यायले, जाताना पान खाटेवर ठेवून गेले. गुरुवारपर्यंत धाड म्हणाले.

ते पान दोन दिवस उशाशी होतं. तुम्हाले खोटं काय सांगू, बुधवारी रात्रीच्याले मी पेनात शाई भरली. चिखलीची खोली, कॉलेजची पाटी, सगळं दिसत होतं. सही करायले लागतं किती? मग वाटलं, उद्या पारावरून जायचं आहे. तिथं मी वाचून दाखवलं आहे. उकंडराव विचारतील, मास्तर, तुमच्या पुस्तकात आमचा ठराव छापला का. त्यांच्यापुढं मी काय म्हणू, वाचण्याजोगा नव्हता?

पेन तसंच ठेवून दिलं.

काल अवस होती. खोळ नदीवर न्यायची होती. सकाळीच गीताबाई घरी आल्या. दाराशी उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "एक तुकडा ठेवून घेता का? मी म्हनन उंदरानं नेला. तुमच्या कामाचा असंल तं."

मी लगेच नाही म्हटलं असं लिहिलं तं ते खरं नाही. चुलीवर चहा होता, तो उतू गेला तोवर मी विचार करत होतो. तो तुकडा घेऊन मी दुसऱ्या विद्यापीठात गेलो असतो. कोणी तरी पाहिलं असतं. पण अवसेले खोळ मोजून नदीत जाते, सगळं गाव पाहतं. तुकडा कमी पडला तं बाईंच्या हातची दिवाबत्ती जाईल, अन् ती गेली तं त्यांचं काय राहते? त्यांनी मले विश्वासानं आरशासकट गोठ्यात बसू दिलं होतं. मी म्हटलं, नको गीताबाई. वाचून झालं माझं.

"झालं न?"

"झालं."

नदीले पाणी कमीच होतं. डोहापर्यंत चालत गेलो. डफडं वाजत होतं. उकंडरावांनी मले पुढं बोलावलं, मोठ्या तुकड्याची एक बाजू माझ्या हातात दिली, दुसरी त्यांनी धरली. शेंदूर जड असतो, मले वाटलं नव्हतं एवढा. पाण्यात गेल्यावर थोडा वेळ लाल ढग दिसला अन् मग काहीच नाही.

तेव्हा आता पुरावा उरला नाही. तुमचा लेख शाबूत आहे, त्याले कोणी हात लावू शकत नाही. भगवानरावांचं पान सोबत परत पाठवतो आहे, बिनसहीचं. चिखलीच्या प्राचार्यांना कळवलं की जागा दुसऱ्या कोणाले द्या. विभागाच्या पाटीवर खाली माझं नाव आहे, ते पुसायले सांगा. आरेखन मले नको, तुमच्याकडंच राहू द्या.

तुमच्यावर राग आहे का, असं मी स्वतःले विचारून पाहिलं. असेल. पण तो धरून ठेवायले जी ताकद लागते ती सध्या नाही.

नदीवरून परत येताना सगळे पुढं गेले होते. उकंडराव माझ्यासाठी मागं थांबले. हाताचा शेंदूर त्यांनी धोतराले पुसला. मग म्हणाले, "मास्तर, ते डॉक्टर होनार होते न तुमी. आता कसं?"

मी म्हटलं, "सोमवारी शाळा उघडते."

कारभारी